विमलचं लाल लुगडं

आधीच सांगून टाकते. मी भूतबित मानणारी बाई नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की रक्तासारखं लाल कसं होतं, हे दरवर्षी सातवीच्या पोरांना करून दाखवायची आणि म्हणायची, "बाबाच्या मठात हेच दाखवतात, तिथं पैसे देऊ नका, इथं फुकट पाहा." गावात कोणाच्या अंगात आलं की मला मुद्दाम बोलवायचे नाहीत, कारण मी सरळ सांगायची – तोंडावर पाणी मारा आणि पोटभर जेवू घाला.

या पानावरचे बाकीच्यांचे अनुभव मी नेमानं वाचते. खरं सांगू? निम्मे वाचून हसते. अमावास्येची रात्र, सुनसान रस्ता, पांढऱ्या साडीतली बाई… बिचारीला दुसरी साडीच नाही का, असं मी आमच्या ह्यांना विचारते. माझ्या अनुभवात रात्र नाही, पांढरी साडीही नाही. सकाळचे साडेअकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि माझ्या डोळ्यांवर नंबरचा चष्मा होता. शेजारी माझे मिस्टर होते आणि आधी त्यांनीच पाहिलं. तरी पण… असो. पहिल्यापासून सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले. पैनगंगेवर धरण झालं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथं अजून माणसं राहतात. पुनर्वसनात गावाचे दोन तुकडे झाले. निम्मे धरणाच्या पूर्वेला, निम्मे पश्चिमेला. सरकारी कागदावर भाग एक आणि भाग दोन. आमच्या बोलण्यात अलीकडलं आणि पलीकडलं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, त्यात आम्ही अलीकडे, पूर्वेला आलो आणि विमल गेली पलीकडे, पश्चिमेला.

विमल म्हणजे माझी शेजारीण. मैत्रीण म्हणायला हवं, पण आमच्या वेळी तसं कोणी म्हणत नसे. मी आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलो. मी जरा शिकलेली, ती चौथी पास. दोन घरांमध्ये मातीची एकच भिंत, आणि त्या भिंतीत तिनं कोयत्यानं उकरून एक भगदाड पाडलेलं. त्यातून वाटी यायची, वाटी जायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली. मी शाळेत निघताना त्या भगदाडातून ओरडायची, "येते गं विमे!" आणि पलीकडून आवाज यायचा, "ये!" दिवसातून दहादा तरी. एवढी सवय की ती घरात नसली तरी मी म्हणायची.

धरणानं ती भिंत नेली. आता मध्ये पाणी. रस्त्यानं जायचं तर अठ्ठावीस किलोमीटरचा वळसा, त्यात एसटी दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरची मर्जी असेल तर. पाण्यावरून मात्र अर्धा तास.

आमचे हे आयटीआयमध्ये सुतारकामाचे इन्स्ट्रक्टर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिडाची नाव बांधायला घेतली. चौदा फुटी. प्लायवूड, त्यावर फायबर, आणि डोलकाठीला अल्युमिनियमचा पाइप. मी म्हटलं, "अहो, जिल्ह्यात समुद्र आहे का?" तर म्हणाले, "समुद्र नसन तं नसो, सोयरेधायरे तं हायत ना काठावर." सहा महिने अंगणात चालायला जागा नव्हती. शेवटी शीड कशाचं करायचं? ह्यांनी कुठून तरी एक मोठ्ठा जुना फ्लेक्स आणला. कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. फेटा बांधलेलं, मिशीवालं तोंड आणि खाली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. उलटा शिवला तरी उन्हात आरपार दिसायचाच. पहिल्यांदा नाव पाण्यात गेली तेव्हा दोन्ही काठांवरची माणसं पोट धरधरून हसली. भोई मंडळी जाळी सोडून पाहत बसली. नावेचं नाव मग लोकांनीच ठेवलं – शुभेच्छा.

पण हसणारे सगळे पुढं वाट पाहायला लागले हो. दिवाळीनंतर धरण तुडुंब असतं. तेव्हापासून होळीपर्यंत आम्ही दोघं आठवड्यातून दोनतीनदा निघायचो. इकडं तुरीच्या शेंगा उकडल्यात म्हणून थांब, तिकडं हरभऱ्याचे घाटे भाजलेत म्हणून थांब, कोणाच्या घरी नातू झाला म्हणून थांब. तुकडे झालेलं गाव आम्ही दोघं त्या फ्लेक्सच्या चिंधीवर शिवत फिरायचो, असं म्हटलं तरी चालेल. आणि शेवटचा मुक्काम ठरलेला – विमलचा काठ.

तिचं घर पाण्यापासून शंभर पावलांवर. खाली काठावर जुन्या हापशाचा एक लोखंडी पाइप रोवलेला होता. आम्ही येणार असं वाटलं की विमल त्या पाइपाला तिचं लग्नातलं लाल लुगडं बांधायची. पिवळ्या काठाचं नऊवारी, लय जुनं, पण रंग असा भडक की धरणाच्या मध्यातून दिसायचं. लुगडं लागलं म्हणजे ती घरी आहे, चहा टाकलाय, या. आम्ही काठाला लागेपर्यंत ती किंवा तिची सून खाली येऊन ते सोडायची आणि घडी घालून घरात न्यायची. मी म्हटलं होतं, "अगं, फोन कर ना सरळ." तर म्हणाली, "फोनवर बलावलं का पाव्हनी झाली तू. म्या भितीतून बलावत होती तुले, तसंच बलावीन."

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला लाज वाटते. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तीनसाडेतीन वर्षांपूर्वी विमलचे मिस्टर, नामदेवभाऊ, शेतात पाणी देता देता गेले. हार्ट अ‍ॅटॅक. आम्ही बसायला गेलो. त्या दिवशी ह्यांनी शीड गुंडाळून ठेवलं आणि वल्हवत नेलं. मौतीच्या घरी ‘हार्दिक शुभेच्छा’ फडकवत कसं जायचं? घर बायांनी भरलेलं. मी विमलचा हात धरून तासभर बसले. ती रडत नव्हती, नुसती भिंतीकडं पाहत होती.

आपल्याकडे रीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. बसायला गेलेलं माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही आणि घरचे ‘या’ म्हणत नाहीत. अशा कामासाठी पुन्हा येणं कोणालाच नको असतं. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, चालू लागायचं. त्या दिवशीही बाया तशाच एकेक उठून गेल्या. आणि मी उठले, पदर सावरला आणि म्हणाले, "येते गं विमे."

जिभेला तीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. विमलच्या चुलत सासूनं तोंडाला पदर लावला. विमलनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, पण "ये" म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मनाशी म्हटलं, जाऊ दे, शब्दांनी काय होतंय!

चार महिन्यांनी तिचा धाकटा पोरगा, सचिन, चिखलीहून मोटरसायकलवर येताना उभ्या ट्रॉलीला धडकला. सव्वीस वर्षांचा होता.

त्याच संध्याकाळी आमच्या काठावर बातमी आली आणि बातमीबरोबर आणखी एक गोष्ट आली. विमलच्या घरी कोणीतरी बोललं – "मास्तरीनबाईनंच बलावणं धाडलं होतं. येते म्हनली होती ना, घ्या, आली."

माझं डोकंच फिरलं. मी घरात भांडी आपटली. मी काय यमाची मुनीम आहे का? जन्मभर या लोकांच्या पोरांना शिकवलं ते याच्यासाठी? मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही जा. मी त्या घरात पाय ठेवणार नाही." ते म्हणाले, "सुमन, पोरगं गेलं तिचं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ते एकटे गेले.

सचिनच्या तेराव्यानंतर एकदा विमलचा फोन आला. स्क्रीनवर नाव दिसलं. मी हातात मोबाईल धरून बसले आणि तो वाजून वाजून थांबला. पुन्हा आला नाही.

मी सगळ्यांना सांगत होते की मला राग आलाय. खोटं होतं. म्हणजे राग होता, पण त्याच्या खाली भीती होती. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला भीती वाटत होती की पुन्हा बसायला गेले आणि पुन्हा तोंडातून निघालं तर? तिच्याकडं आता एकच पोरगा उरलाय. हे मी आमच्या ह्यांनाही कधी बोलले नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

अशी तीन वर्षं गेली. नाव चालूच होती, पण पश्चिमेच्या काठाला जायचं नाही, हा माझा हुकूम. वारा कसाही असो, हे बिचारे नागमोडी नाव घालत तो काठ टाळायचे. लांबून मात्र मी पाहायची. पाइप दिसायचा. उघडाच असायचा.

या वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात गणपतभाऊंनी रोडग्यांना बोलावलं. हे आमचे जुने गाववाले, धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचं शेत. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी – वऱ्हाडात याला कोणी नाही म्हणत नाही. आम्ही साडेदहाला निघालो. वारा पूर्वेचा, बेताचा. नाव उत्तरेकडं चाललेली. मी पुढं बसून लसूण सोलत होते, कारण गणपतभाऊंच्या घरचा लसूण नेहमी कमी पडतो.

हे सुकाणूवर होते. एकदम म्हणाले, "अवं, विमलवहिनीचं लुगडं लागलं."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "दुसरं काही असेल."

"दुसरं काय? पाह्य तं खरं."

मी पाहिलं. लागलं होतं. लाल, पिवळा काठ, फडफड फडफड करत होतं. पाऊण किलोमीटर अंतर असेल, पण ते लुगडं मी कितीही अंतरावरून ओळखीन. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात ते अंगावर घेऊन ती माझ्या उशाशी बसली होती. लसणाची वाटी कलंडली आणि पाकळ्या नावेत सांडल्या.

मी म्हटलं, "गणपतभाऊ वाट पाहत असतील."

हे म्हणाले, "रोडगे काही पळून नाही जात." मग म्हणाले, "तीन वर्सांनी लावलं तिनं, सुमन. आता नाही गेली तं कधी जाशीन?"

मी सांडलेल्या पाकळ्या वेचू लागले. त्यांनी सुकाणू वळवलं. मला आठवतं, वळताना शीड आडवं आलं, त्या मिशीवाल्या फ्लेक्सनं समोरचं सगळं झाकलं, आणि शीड बाजूला झालं तोवर आम्ही बरेच जवळ आलो होतो. पाइप उघडा होता. मला त्यात काही वाटलं नाही. नाव येताना दिसली की लुगडं सोडून न्यायचीच रीत होती.

काठावर कोणी नव्हतं. हे नाव बांधत राहिले. मी एकटीच वर गेले. मनात वाक्यं जुळवत होते – विमे, मी चुकले म्हणू? की आधी सचिनचं काढू? अंगणात तिची मोठी सून, रेखा, चादरी पिळत होती. मला पाहून तिच्या हातातली चादर खाली पडली.

"काकू? तुमाले कोनं सांगतलं?"

"काय सांगितलं? लुगडं लागलेलं दिसलं म्हणून आलो."

"कोनतं लुगडं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तिला रडू फुटलं. माझा हात धरून आत ओढत म्हणाली, "या काकू, आधी घरात या. आत्याबाईले लय वखत नाही आता."

पोटाचा कॅन्सर. दिवाळीत कळलं तेव्हाच हाताबाहेर गेलेला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. तीन आठवडे ती खाटेवर, चार दिवसांपासून बोलणं बंद, पाणीसुद्धा चमच्यानं. अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि मला पत्ता नाही. मी रेखाला जवळजवळ ओरडलेच, "अगं, कळवायचं नाही का?" तर म्हणाली, "त्याच नाही म्हनल्या. गावातबी साऱ्यायले बजावलं, म्हने, सुमीले सांगू नका. तिले यायचं असन तं येईन."

खिडकीपाशी खाट होती. खाटेवर विमल म्हणजे नुसती मूठभर. माझी विमल दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर घेऊन चढ चढायची. तिच्या अंगावर गोधडी होती. लाल. मधूनमधून पिवळ्या काठाचे पट्टे. मी त्या गोधडीकडं पाहिलं, आणि मला काहीतरी कळलं, पण ते मी बाजूला ठेवलं. कारण विमलनं डोळे उघडले.

माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग ओठ हलले. रेखा म्हणाली, "माय वं, बोलून राह्यल्या!"

"आली?" विमल म्हणाली.

"आले गं."

"नाव आनली?"

"हो. ह्यांनी आणली."

"ते… मिशीवाली?"

मला हसू आलं आणि त्याच्यामागं जे आलं ते आवरेना. मी तिच्या खाटेवर डोकं टेकवून रडले. बासष्ट वर्षांची बाई, पोरीसारखी हमसून हमसून. म्हटलं, "विमे, मी त्या दिवशी येते म्हणायला नको होतं गं. तोंडातून निघालं. तुझं पोरगं…"

तिनं मान हलवली. जेमतेम. श्वास गोळा करत करत बोलत होती, मध्ये थांबत होती. सगळं जसंच्या तसं लिहिते, कारण त्यानंतर मी ते रोज आठवलंय.

"म्या नाही म्हटलं तसं. म्हननारे दुसरे होते. मले तं बरं वाटलं होतं… घरभर बाया आल्या, साऱ्या मुक्यानं उठून गेल्या. तू एकटीच म्हनली, येते." मग थांबली. "म्या वाट पाह्यली."

बस. एवढंच. दोष दिल्यासारखं नाही, रागानं नाही. पाऊस आला होता, गाय व्याली होती, असं सांगतात तसं सांगितलं. म्या वाट पाह्यली. मी तीन वर्षं त्या शब्दाचं ओझं घेऊन फिरत होते, आणि तिला त्या शब्दाचा आधार होता.

मी चमच्यानं पाणी पाजलं. तिच्या पायांवरून गोधडी सरकली होती, ती सारखी केली, तेव्हा हाताला एक काठ गार लागला. गार म्हणजे ओलसर, आणि धरणावरून आलेल्या कपड्याला येतो तसा पाण्याचा वास. रेखा म्हणाली, पाणी पाजताना सांडलं असेल. असेलही. पण पाणी डोक्याकडं पाजतात हो, आणि ओला काठ पायाकडं होता.

चार वाजता ह्यांनी दारातून खूण केली. दिवस मावळायच्या आत नाव काठाला लागली पाहिजे, हा त्यांचा नियम. मी उठले. उभीच राहिले. आजारी माणसाच्या घरी काय म्हणायचं असतं, ते मला आठवेना. तोंड घट्ट मिटून मी चपलांकडं वळले आणि मागून आवाज आला.

"सुमे. सांगून जा."

मी वळले. ती माझ्याकडं पाहत होती. रेखा रडत होती. आमचे हे दारात मान खाली घालून उभे होते.

मी म्हटलं, "येते गं विमे."

ती म्हणाली, "ये."

खाली काठापर्यंत रेखा आली. तिथं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू, ते लुगडं तं दोन वर्सं झाले फाडून. सचिनभाऊजी गेल्यावर आत्याबाई म्हनल्या, आता कोनासाठी लावाचं? म्याच फाडलं, त्यायनं टाके घातले. ते काय, त्यायच्या अंगावरच हाये." मी विचारलं, एखादा मोठा तुकडा उरला असेल? "हातभर नाही उरला, काकू. काठसुद्धा लावून टाकला." मी विचारलं, आज दुसरं काही वाळत घातलं होतं का पाइपाला? लाल चादर, टॉवेल, काही? ती म्हणाली, "म्या सकाळपासून काठाले आलीच नाही. त्यायले सोडून कशी येऊ?"

मी पाइपापाशी गेले. शिक्षिकाच मी. हात लावून पाहिला. गंज धरलेला, वरच्या टोकाला कोळ्याचं जाळं. जाळं अख्खं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. या वेळी मी लगेच उचलला. रेखा एवढंच म्हणाली, "काकू…"

आता माझ्या परीनं मी सगळं तपासलंय, ते सांगते. गणपतभाऊंच्या शेतातून तो काठ सरळ दिसतो. ते सकाळपासून नावेची वाट पाहत तिकडंच तोंड करून बसले होते. म्हणाले, "पाइप दिसत होता ताई, त्याले काहीच नव्हतं. तुमची नाव एकदम तिकडं काऊन वळली, हेच म्या म्हनून राह्यलो होतो." भास म्हणावं, तर दोघांना एकच भास कसा? आणि आमचे हे तर आधी म्हणाले, मी नंतर पाहिलं. ह्यांना लुगडं फाडल्याचं माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. उन्हाची तिरीप, पाण्यावरचं प्रतिबिंब… विज्ञानाच्या पुस्तकात जे जे आहे ते सगळं लावून पाहिलं.

आणि एक गोष्ट तर मला चार दिवसांनी आठवली, भाकरी थापता थापता. त्या दिवशी वारा पूर्वेचा होता. आमचं शीड पश्चिमेला फुगलेलं होतं. म्हणजे काठावरचं कापडही पश्चिमेलाच, आमच्यापासून लांब उडायला पाहिजे. पण ते पूर्वेला उडत होतं. आमच्याकडं. मी ह्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "हाव. आपल्याकडंच होतं." मग दोघांनीही त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही.

पाचव्या दिवशी बसायला गेलो. शीड गुंडाळून, वल्हवत. गोधडी पाहायला मिळाली असती तर तिचे तुकडे मी मोजून काढले असते, पण माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण-पांघरूण काठावर नेऊन टाकतात, तशी तीही गेली होती. घर बायांनी भरलेलं. ती चुलत सासूही होती. वेळ झाली तशा बाया एकेक उठल्या, न बोलता, चपला घालून गेल्या. मी उठले. खोलीतली प्रत्येक बाई माझ्या तोंडाकडं पाहत होती, हे मला न पाहता कळत होतं. मी पदर सावरला. भिंतीपाशी रेखा बसली होती, विमल बसली होती त्याच जागी, आणि तिची नजर भिंतीवर तशीच.

मी मोठ्यानं म्हटलं, "येते गं रेखा."

चुलत सासूनं तोंडाला पदर लावला. रेखानं वर पाहिलं. क्षणभर वाटलं, झालं, आता हीसुद्धा… पण ती म्हणाली, "या काकू."

आणि मी जाते. दर आठवड्याला जाते. रेखा पाइपाला काही बांधत नाही, मी सांगितलंही नाही. लुगडं कोणी लावलं होतं, ते कसं उडत होतं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी सांगितलं तर मी ऐकून घेईन, पण पटेल असं वाटत नाही. माझ्याच्यानं ते सुटलं नाही.

पण खरं सांगू? लुगड्याचं कोडं मला आता तेवढं छळत नाही. छळतं ते दुसरंच. तीन वर्षं ती वाट पाहत होती, आणि मी होते कुठं, तर पाण्यावरून अर्ध्या तासावर.